राजसत्ता, संत आणि समाजपरिवर्तन

समाजात पालट कोण घडवून आणतो? सिंहासनाधिष्ठित नेता, की लोकांच्या अंतःकरणात रुजलेला धर्मविचार? इतिहासज्ञांमधील हा वाद जुना आहे. एक पक्ष सम्राटांकडे बोट दाखवितो. कलिंगयुद्धानंतर अशोकाने धर्माज्ञा शिळांवर कोरविल्या. रोमन सम्राट थिओडोशियस याने इ. स. ३८० मध्ये ख्रिस्ती धर्मास राजधर्माचे स्थान दिले. दुसरा पक्ष म्हणतो, राज्ये लयास जातात. लोकांनी आपलेसे केलेले तेवढेच टिकते. या वादाचा विचार करण्यास आपणांस रोमपर्यंत जाण्याचे कारण नाही. जनाबाईंचे गंगाखेड आपल्याच परभणी जिल्ह्यात आहे, आणि नामदेवांची नरसी आज हिंगोली जिल्ह्यात असली तरी १९९९ पर्यंत आपल्याच जिल्ह्यात मोडत असे.

तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात या भूमीवर देवगिरीच्या यादवांचे राज्य होते. त्यांचा मंत्री हेमाद्री याने ‘चतुर्वर्गचिंतामणि’ हा व्रते, दाने व श्राद्धे यांचा प्रचंड ग्रंथ संस्कृतात सिद्ध केला. दरबारचा धर्म तो असा होता. त्याच काळात शिंपी कुळातील नामदेव मराठीत कीर्तन करू लागले, आणि त्यांच्या घरची दासी जनाबाई दळणकांडण करता करता अभंग रचू लागली. १२९६ मध्ये अलाउद्दीन खिलजीने देवगिरीवर स्वारी केली. पुढे सुमारे वीस वर्षांत यादवांचे राज्य समूळ नष्ट झाले. त्यानंतर तुघलक, बहमनी, मोगल, आसफजाही अशा सत्ता आल्या आणि गेल्या. शेवटची सत्ता सप्टेंबर १९४८ मध्ये संपली. जनाबाईच्या ओव्या मात्र जात्यावरून कधी उतरल्या नाहीत. पदरी सैन्य वा खजिना नसताना नामदेवांची वाणी पंजाबपर्यंत पोहोचली. शिखांच्या गुरुग्रंथसाहेबात त्यांची ६१ पदे पूज्य मानली जातात.

तेव्हा विजय दुसऱ्या पक्षाचाच, असे वाटणे साहजिक आहे. परंतु इतिहास इतका सोपा नाही. परंपरेनुसार १३३८ मध्ये मंगळवेढ्यास कूस कोसळून चोखोबांचा अंत झाला. नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरपुरी आणून महाद्वारापाशी समाधी दिली. स्थान मिळाले ते द्वाराबाहेर! ज्यांचे अभंग भाविक मोठ्या प्रेमाने गात, त्यांच्याच जातिबांधवांना ते द्वार पुढे सहाशे वर्षे बंद राहिले. भक्तीने मने द्रवली, पण कुलूप निघाले नाही.

ते निघण्यास नेतृत्व लागले. १९३० मध्ये नाशिकच्या काळाराम मंदिरापुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला. मे १९४७ मध्ये सानेगुरुजींनी पंढरपुरास प्राणांतिक उपोषण केले, आणि विठ्ठलमंदिर अस्पृश्यांना खुले करण्याचे मान्य झाले. २६ जानेवारी १९५० पासून अमलात आलेल्या राज्यघटनेने सतराव्या अनुच्छेदान्वये अस्पृश्यता नष्ट केली.

म्हणून आमचे नम्र मत असे, की संतांवाचून कायद्यास लोकमताची भूमी लाभत नाही, आणि नेतृत्व व कायदा यांवाचून संतांची शिकवण उंबरठ्यापाशीच थांबते. दोन्ही पक्ष अर्धेच खरे आहेत.

ज्ञातिबंधुभगिनींनो, हा प्रश्न केवळ ग्रंथांतला नाही. आपला संघही एका ज्ञातीचा आहे. आपल्या मुलामुलींच्या शिक्षणासाठी आपण एकत्र आलो, हे योग्यच झाले. परंतु एकोप्याची भिंत होऊ लागली, तर ती कोणाला बाहेर ठेवते हे पाहणे आपलेच कर्तव्य ठरेल. आपल्या घरीही अभंग गाइले जातात. ते गाताना आपले स्वतःचे दार उघडे आहे काय, एवढे ज्याने त्याने उठून पाहावे.