मातीचे मावळे आणि लाखेरीची खिंड

मातीचे मावळे मांडण्याचा नाद मराठी मुलांना दिवाळीच्या किल्ल्यापासून लागतो आणि बहुतेकांचा मिसरूड फुटण्यापूर्वीच सुटतो. आमचा सुटला नाही. नोकरीनिमित्त दिल्लीस आलो, करोल बागेत बिऱ्हाड केले, तरी रजेहून परतताना पुण्याच्या कुंभारवाड्यातील मावळे ट्रंकेत घालून आणणे चालूच राहिले. गच्चीवरील ह्या पसाऱ्यास शेजारी आपल्या हटरीचा, म्हणजे लक्ष्मीपूजनाच्या मातीच्या घरकुलाचा, थोरला भाऊ समजतात. आम्हीही तो समज दूर करीत नाही.

हा खेळ पोरकट मानण्याचे कारण नाही. प्रशियाच्या सैन्यात 1824 साली राइसविट्झ नावाच्या अधिकाऱ्याने नकाशा, ठोकळे आणि फासे ह्यांच्या साह्याने युद्धाभ्यासाची पद्धत रूढ केली. एच. जी. वेल्सने 1913 साली खेळण्यातील शिपायांच्या लढायांवर पुस्तकच लिहिले. अमेरिकेतील हौशी मंडळी आपल्या यादवीतील गेटिसबर्ग मेजावर पुनःपुन्हा लढतात. आपल्या किल्ल्यावर मात्र शत्रूच नसतो. महाराज सिंहासनावर, मावळे बुरुजांवर, पायथ्याशी गवळण आणि वाघ, लढावयाचे कोणाशी? तेव्हा आम्हीही आपली यादवीच मांडावयाचे ठरविले.

दिल्लीहून मुंबईस जाताना सवाई माधोपूर आणि कोटा ह्यांच्या दरम्यान लाखेरी स्थानक लागते. सिमेंटच्या कारखान्यापलीकडे त्याची कोणास ओळख नसते. येथील खिंडीत 1793 साली शिंदे आणि होळकर समोरासमोर आले. महादजी तेव्हा पुण्यास होते. त्यांच्या बाजूने गोपाळराव भाऊ, लखबादादा आणि डी बॉईन, म्हणजे सुमारे वीस हजार स्वार व नऊ हजार कवायती पायदळ. पलीकडे तुकोजी होळकरांचे तीस हजार स्वार आणि ड्युड्रेनेक ह्या फ्रेंच सरदाराच्या चार पलटणी.

दोनशे माणसांस एक मावळा असे प्रमाण धरले, तर होळकरांचेच दीडशे घोडेस्वार होतात. ते खिंडीत मावेनात. दाटीवाटीने उभे करावे, तर पुढचा पडताच मागची रांग कोसळते. तीस हजार स्वार असूनही तुकोजींचे काही चालले नाही, ह्याचा उलगडा आम्हांस कोणत्याही बखरीपेक्षा ह्या कोसळणाऱ्या रांगांनी अधिक केला. लढाईच्या आरंभीच एक गोळा लागून डी बॉईनच्या बारा दारूगाड्या उडाल्या होत्या. हा प्रसंग आम्ही फाशांवर सोपवितो. प्रत्यक्षात त्याचे पायदळ त्यातूनही सावरले, ड्युड्रेनेकच्या पलटणी जवळजवळ समूळ कापल्या गेल्या आणि 38 तोफा शिंद्यांच्या हाती पडल्या. इतकी हट्टाची लढाई आपण दुसरी पाहिली नाही, असे डी बॉईन म्हणत असे.

खरी अडचण निराळीच होती. दोन्हीकडचे शिपाई एकाच साच्यातले! ओळखू यावेत म्हणून आम्ही पागोटी रंगविली. होळकरांकडे माणूस कमी पडला, की शिंद्यांचा पडलेला उचलावा, पागोट्यावर दुसरा रंग द्यावा आणि उभा करावा. हे करताना हात क्षणभर अडखळतो, हे मात्र खरे.

ह्याच यादवीचा पुढचा अंक हडपसरला 25 ऑक्टोबर 1802 रोजी, ऐन दिवाळीत झाला. पुण्यातली मुले किल्ले करतात त्याच दिवसांत, पुण्याच्याच वेशीवर, यशवंतराव होळकरांनी शिंदे आणि पेशवे ह्यांच्या फौजा मोडल्या. बाजीराव सिंहगडाकडे पळाला आणि वर्षाच्या अखेरच्या दिवशी वसईस इंग्रजांशी तह करून मोकळा झाला. आमच्या मेजावर हडपसर दोनदा मांडले गेले; दोन्ही वेळा जिंकणाऱ्यास टाळी मिळाली नाही.

त्यानंतर साडेदहा महिन्यांनी, 11 सप्टेंबर 1803 रोजी, यमुनेपलीकडे पटपडगंजच्या लढाईत लेकने शिंद्यांच्या पलटणींचा पराभव केला आणि दिल्ली इंग्रजांकडे गेली. रणभूमी आमच्या गच्चीपासून फार लांब नाही. परंतु ती लढाई अद्याप मांडता आलेली नाही; लाल डगल्यांच्या पलटणींचा साचा कुंभारवाड्यात मिळत नाही.