लिओपोल्दो मेंदेस : भिंत आणि कागद

मेक्सिकोतील भित्तिचित्रांचा विषय निघाला की रिवेरा, ओरोस्को आणि सिकेरोस ही तीन नावे घेतली जातात आणि चर्चा बहुधा तिथेच थांबते. लिओपोल्दो मेंदेस (१९०२-१९६९) यांनीही भिंती रंगवल्या. १९३६ साली तीन सहकाऱ्यांसह त्यांनी युद्ध आणि फॅसिझम यांविरुद्ध भित्तिचित्र काढले, तेही सरकारी छापखान्याच्या इमारतीत! परंतु त्यांचे खरे सामर्थ्य कोरलेल्या ठशांत होते.

भिंत जागची हलत नाही. माणसालाच तिच्यापाशी जावे लागते. ठशावरून निघालेला स्वस्त कागद मात्र कामगारांच्या सभेत आणि रस्त्यावर पोहोचतो. १९३७ साली मेंदेस यांनी पाब्लो ओहिगिन्स व लुइस अरेनाल यांच्यासह ‘तायेर दे ग्राफिका पोपुलार’, म्हणजे लोकांसाठीची मुद्राचित्र कार्यशाळा स्थापन केली. तेथे एकाचे रेखाटन सर्वांसमोर ठेवले जाई आणि त्यावर मोकळी टीका होई. कामगार संघटनांसाठी भित्तिपत्रके, हस्तपत्रके निघत.

त्या दशकात मेक्सिकोतील खेड्यांत शिक्षकांचे खून पडत होते. १९३४ च्या घटनादुरुस्तीने सार्वजनिक शिक्षण समाजवादी ठरवले. जमीनवाटपाचा प्रश्नही पेटलेला होता. धर्मनिष्ठ सशस्त्र टोळ्यांना आणि जमीनदारांना सरकार दूर होते. गावातला एकाकी शिक्षक हाताशी होता. १९३९ मध्ये मेंदेस यांनी या हत्यांवर सात शिळाछाप चित्रांचा संच काढला : ‘ख्रिस्ताच्या नावाने’. दोनशेहून अधिक शिक्षक मारले गेल्याचा उल्लेख त्याच्या शीर्षकातच आहे.

१९४२ चे त्यांचे लिनोकट ‘मृत्यूकडे हद्दपारी’ तर विलक्षणच. रात्र, मालगाडीचा डबा, आत कोंबलेली माणसे आणि त्यांच्यावर पडलेला सैनिकाच्या कंदिलाचा उजेड. ज्यूंना मृत्युछावण्यांकडे नेणाऱ्या गाड्यांचे हे अगदी आरंभीच्या चित्रणांपैकी एक होय, आणि ते घडले युरोपापासून हजारो मैलांवर. पुढच्याच वर्षी मेक्सिकोत आश्रय घेतलेल्या जर्मन निर्वासितांनी प्रसिद्ध केलेल्या नाझी अत्याचारांवरील ‘काळ्या पुस्तकात’ ते छापले गेले. प्रचारकला म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी हे चित्र एकदा तरी पाहावे.

शिक्षकांचा विषय मात्र त्यांना पुन्हा भेटला. एमिलिओ फर्नांदेस यांचा ‘रिओ एस्कोंदिदो’ १९४८ साली प्रदर्शित झाला. जुलमी गावप्रमुखाशी झुंजणाऱ्या शिक्षिकेची ही कथा; भूमिका मारिया फेलिक्स यांची. या चित्रपटासाठी मेंदेस यांनी दहा लिनोकट कोरले. हातात मावणारे ते ठसे श्रेयनामावलीमागे पडद्यावर भिंतीएवढे होऊन उभे राहिले.