३० जूनची गोष्ट

मे महिन्याच्या अखेरीस युरोपातल्या फुटबॉल लीग संपतात. कप ज्याला द्यायचा त्याला देऊन होतो, खाली जायचे ते क्लब खाली जातात, आणि मग आमच्यासारख्यांचा दुसरा सीझन सुरू होतो. कोण राहणार, कोण जाणार, कोणाचं कॉन्ट्रॅक्ट संपतंय, त्याला नवीन देणार का नाही? जून महिन्यात इंग्लंडमध्ये एक अधिकृत यादीच जाहीर होते. प्रत्येक क्लबच्या नावाखाली दोन भाग असतात : ठेवलेले खेळाडू आणि सोडलेले खेळाडू. ३० जूनला जुनी कॉन्ट्रॅक्टं संपतात. दुसऱ्या भागातल्या ज्यांना तोवर नवा क्लब मिळालेला नसतो, ते १ जुलैच्या सकाळी बेकार असतात.

मी आर्सेनलवाला. या ३० जूनने आम्हाला बऱ्याचदा छळलंय. २००८ मध्ये मॅथ्यू फ्लॅमिनी कॉन्ट्रॅक्ट संपवून मिलानला गेला, २०१९ मध्ये ॲरन रॅम्सी युव्हेंटसला गेला. दोन्ही वेळा क्लबच्या हातात दमडी आली नाही. अशा वेळी आम्हा चाहत्यांच्या तोंडून दोन वाक्यं हमखास निघतात. एक, "फुकटात गेला!" आणि दोन, "आजकाल निष्ठा म्हणून राहिली नाही."

आता गंमत बघा. पहिल्या वाक्यात खेळाडू म्हणजे दुकानातला माल आहे, आणि दुसऱ्यात पूर्वी निष्ठा होती असं गृहीत धरलंय. पूर्वी नक्की काय होतं? हे खणायला बसलो आणि दोन वीकेंड त्यातच गेले. म्हटलं, लिहूनच टाकू.

१८८५ मध्ये इंग्लंडमध्ये पैसे घेऊन फुटबॉल खेळायला मान्यता मिळाली, १८८८ मध्ये फुटबॉल लीग सुरू झाली. श्रीमंत क्लब सगळे चांगले खेळाडू पळवतील ही भीती पहिल्यापासून होती. ती अगदीच खोटी नव्हती. मग १८९३ च्या सुमाराला लीगने बंदोबस्त केला. खेळाडूची नोंदणी एका क्लबकडे झाली की त्या क्लबने सोडल्याशिवाय तो लीगमधल्या दुसऱ्या कोणत्याही क्लबकडून खेळू शकत नाही. दरवर्षी सीझन संपला की क्लबने लीगला यादी द्यायची : हे आम्ही ठेवतोय, हे विकायला काढलेत, हे सोडले. आजच्या यादीची पणजी ती हीच.

यातली ग्यानबाची मेख अशी, की खेळाडूचं कॉन्ट्रॅक्ट असायचं साधारण एका सीझनचं, पण नोंदणीला अशी मुदतच नव्हती. आयटीच्या भाषेत सांगतो. तुमचं कॉन्ट्रॅक्ट संपलंय. कंपनी म्हणते, आम्ही देऊ त्या पगारावर पुन्हा सही कर. तुम्ही म्हणता, नको. कंपनी म्हणते, ठीक आहे, मग पगारही नाही आणि रिलीव्हिंग लेटरही नाही. आणि त्या लेटरशिवाय देशातली एकही कंपनी तुम्हाला घेऊ शकत नाही, कारण सगळ्यांनी मिळून तसा नियमच केलाय. किती दिवस? कंपनीला कंटाळा येईपर्यंत.

तुम्ही 'बॉन्ड' नावाच्या कागदावर सही करून पहिली नोकरी धरली असेल, तर तुम्हाला हे लगेच कळेल. माझ्या पहिल्या कंपनीचा बॉन्ड दोन वर्षांचा होता आणि मूळ सर्टिफिकेटं त्यांच्या कपाटात होती. पण निदान दोन वर्षांनी तो संपत तरी होता!

वर १९०१ पासून पगाराची कमाल मर्यादाही ठरली, आठवड्याला ४ पौंड. म्हणजे जायचं तर नाहीच, आणि राहून जास्त मागायचेही नाहीत. क्लब मात्र एकमेकांना खेळाडूच्या किमती बिनधास्त मोजत होते. १९०५ मध्ये सन्डरलंडने आल्फ कॉमन मिडल्सब्रोला १,००० पौंडांना विकला. ४ पौंडांच्या हिशेबाने ही जवळजवळ पाच वर्षांची कमाई, आणि ती गेली क्लबला.

कोणी कोर्टात गेलं नाही का? गेलं. ॲस्टन व्हिलाचा हर्बर्ट किंगबी गेला. १९१२ मध्ये निकाल लागला आणि तो हरला. नियम तुला माहीत होते, तू सही केलीस, मग तक्रार कसली? असा एकूण सूर. या खटल्याच्या खर्चात खेळाडूंची कोवळी युनियन पार खचली आणि पुढची पन्नास वर्षं त्या वाटेला कोणी गेलं नाही.

काहींनी वेगळी वाट शोधली. १९५० मध्ये कोलंबियाची लीग फिफाच्या बाहेर होती, त्यामुळे तिथे इंग्लंडच्या नोंदणीला कोणी विचारत नव्हतं. स्टोकचा नील फ्रँकलिन हा इंग्लंडचा पहिल्या पसंतीचा सेंटर हाफ. तो त्या वर्षीचा वर्ल्ड कप सोडून बोगोटाला गेला. मँचेस्टर युनायटेडचा चार्ली मिटनही गेला. इंग्लंडमध्ये परतल्यावर दोघांवर बंदी आली. मिटनचं नाव लक्षात ठेवा, तो पुन्हा येणार आहे.

आता आपला मुख्य माणूस. जॉर्ज ईस्टहॅम. न्यूकॅसलचा इनसाइड फॉरवर्ड, अंगाने किरकोळ, पायात जादू. क्लबने दिलेलं घर राहण्यालायक नाही, जोडधंदा म्हणून लावून दिलेली नोकरी धड नाही, अशी त्याची गाऱ्हाणी होती. १९६० च्या उन्हाळ्यात कॉन्ट्रॅक्ट संपलं. त्याने सही केली नाही आणि बदली मागितली. क्लबने त्याला 'ठेवलेल्यां'च्या यादीत टाकला. झालं! पगार बंद, खेळ बंद.

पठ्ठ्या न्यूकॅसल सोडून इंग्लंडच्या दुसऱ्या टोकाला सरेमध्ये गेला आणि एका ओळखीच्या उद्योजकाकडे बुचाचा माल विकायची नोकरी धरली. हो, बूच, बाटलीला लावतात तेच. पंचविशीच्या आतला, इंग्लंडच्या टीमच्या दारात उभा असलेला खेळाडू फिरून बूच विकतोय. आणि या सगळ्या काळात न्यूकॅसलचा मॅनेजर कोण होता? चार्ली मिटन. दहा वर्षांपूर्वी याच सिस्टीमला टांग मारून बोगोटाला पळालेला! माणसं वाईट असतात असं नाही, खुर्ची बदलली की यादीची बाजू बदलते.

१९६० संपायच्या आत न्यूकॅसलने शेवटी त्याला ४७,५०० पौंडांना विकला. कोणाला? आर्सेनलला. (अर्थात मला हे वाचून बरं वाटलं.) इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. पाहिजे ते मिळालं, आता गप खेळ. पण खेळाडूंच्या युनियनला हा खटला हवा होता आणि ईस्टहॅमने मागे घेतला नाही. त्याला आता त्यातून स्वतःसाठी फार काही मिळणार नव्हतं, आणि मला त्याचं मोठेपण वाटतं ते नेमकं यासाठी.

मधल्या काळात आणखी एक लढाई जिंकली गेली. तेव्हा कमाल पगार आठवड्याला २० पौंड होता. जिमी हिलच्या नेतृत्वाखाली खेळाडूंनी संपाची धमकी दिली आणि जानेवारी १९६१ मध्ये ही मर्यादा गेली. थोड्याच दिवसांत फुलहॅमचा जॉनी हेन्स १०० पौंडांवर पोचला. पण यादी तशीच राहिली. पगार वाढवायला क्लब तयार झाले, दोर सोडायला नाही.

खटला १९६३ मध्ये उभा राहिला. न्यायमूर्ती होते रिचर्ड विल्बरफोर्स. ब्रिटनचा गुलामांचा व्यापार बंद व्हावा म्हणून आयुष्य वेचणाऱ्या विल्यम विल्बरफोर्स यांचे हे वंशज, आणि जन्म आपल्याकडचा, १९०७ चा, जालंधरचा. योगायोग एखाद्या कथेत घातला असता तर संपादकाने कापला असता. जुलै १९६३ मध्ये त्यांनी निकाल दिला : कॉन्ट्रॅक्ट संपल्यावरही माणसाला असं अडकवून ठेवणं म्हणजे त्याच्या पोट भरण्याच्या हक्कावर अवाजवी बंधन. क्लबांचं म्हणणं होतं की हे नियम गेले तर खेळ बुडेल. त्यांना ते पटलं नाही. (खेळ अजून बुडालेला नाही.)

पण निकालाने दोर तोडला नाही, सैल केला. खेळाडूला ठेवायचं तर निदान आधीइतका पगार द्यायचा, वाद झाला तर लवादाकडे जायचं, असे नियम आले. १९७८ मध्ये इंग्लंडमध्ये कॉन्ट्रॅक्ट संपल्यावर जाण्याचं स्वातंत्र्य मिळालं, पण जाताना नव्या क्लबाने जुन्याला पैसे मोजायचेच होते. म्हणजे कॉन्ट्रॅक्ट संपलं तरी माणसाच्या गळ्यातली किमतीची चिठ्ठी तशीच.

ती चिठ्ठी फाडली बेल्जियममधल्या एका साध्या मिडफिल्डरने. जाँ-मार्क बोसमन, क्लब लिएज, पगार महिन्याला बोनससकट सरासरी १,२०,००० बेल्जियन फ्रँक. जून १९९० मध्ये कॉन्ट्रॅक्ट संपत होतं. क्लबने नवीन देऊ केलं ते महिन्याला ३०,००० फ्रँकचं, नियमात बसणारं किमान. चौथा हिस्सा! तो नाही म्हणाला. मग त्याला विक्रीच्या यादीत टाकलं आणि किंमत लावली सुमारे १ कोटी १७ लाख फ्रँक. म्हणजे पगार देताना हा माणूस ३०,००० चा, आणि विकताना कोटीचा. फ्रान्समधला डंकर्क क्लब त्याला घ्यायला तयार झाला, पण डंकर्क पैसे देऊ शकेल का अशी लिएजला शंका आली आणि परवानगीचा कागद पुढे गेलाच नाही. दोन्हीकडचं गेलं.

तो कोर्टात गेला ऑगस्ट १९९० मध्ये. युरोपियन कोर्टाचा निकाल लागला १५ डिसेंबर १९९५ ला. पाच वर्षं! फुटबॉलपटूची कारकीर्दच असते दहा-पंधरा वर्षांची. कोर्टाने दोन गोष्टी सांगितल्या. कॉन्ट्रॅक्ट संपलेला युरोपियन युनियनचा नागरिक युनियनमधल्या दुसऱ्या देशातल्या क्लबात जात असेल तर त्याच्यासाठी पैसे मागता येणार नाहीत. आणि युनियनमधल्याच परदेशी खेळाडूंवर संख्येची मर्यादा घालता येणार नाही. 'बोसमनवर गेला' हा वाक्प्रचार युरोपभर झाला. खुद्द बोसमनचं करिअर मात्र तोवर संपल्यातच जमा होतं, आणि पुढे पैशांची चणचण, नैराश्य, दारू हे सगळं त्याने सोसलं. त्याच्या नावावर इतरांनी कोट्यवधी कमावले.

याची दुसरी बाजूही आहे आणि ती लपवायचं कारण नाही. १९९५ चा आयॅक्स आठवा (किंवा कोणी जुन्या माणसाला विचारा). घरच्या अकादमीतल्या पोरांच्या जोरावर युरोप जिंकलेली टीम. दोन वर्षांत एडगर डेव्हिड्स आणि पॅट्रिक क्लायव्हर्ट कॉन्ट्रॅक्ट संपवून मिलानला गेले, आयॅक्सला काही मिळालं नाही. लहान देशातल्या, पोरं घडवणाऱ्या क्लबांचं नुकसान झालं हे खरंच आहे. १८९३ ची भीती शंभर वर्षांनी खरी ठरली म्हणा ना. पण म्हणून त्या भीतीची किंमत एकट्या खेळाडूनेच का द्यायची?

आता निष्ठेकडे येऊ. जुन्या काळचे खेळाडू एकाच क्लबात पंधरा-पंधरा वर्षं काढायचे. त्यातल्या कितीजणांना राहायचं होतं आणि कितीजणांना जाता येत नव्हतं, हे त्या आकड्यांवरून कळायला मार्गच नाही. दार बाहेरून बंद असताना आत बसलेल्याला निष्ठावान म्हणण्यात काय अर्थ आहे? निष्ठा दिसते ती दार उघडं असताना.

आणि आम्ही चाहते दाराच्या कोणत्या बाजूला उभे असतो तेही बघा. २००१ मध्ये टॉटनहॅमचा कॅप्टन सोल कॅम्पबेल कॉन्ट्रॅक्ट संपवून, एक पैसा न देता, आमच्याकडे आला. टॉटनहॅमवाल्यांसाठी तो गद्दार. आमच्याकडे पहिल्याच सीझनला लीग आणि एफए कप, दोन वर्षांनी अख्खी लीग न हरता. 'फुकटात आला' हे आम्ही कौतुकाने सांगतो. २०२५ च्या मे महिन्यात लिव्हरपूलच्या ट्रेंट अलेक्झांडर-आर्नोल्डने कॉन्ट्रॅक्ट वाढवणार नाही असं जाहीर केलं, आणि पुढच्याच घरच्या मॅचला, आर्सेनलविरुद्धच, ॲनफिल्डवर त्याची हुर्यो उडवली गेली. वयाच्या सहाव्या वर्षापासून त्या क्लबात असलेला पोरगा.

पण मला सगळ्यात जास्त आठवतो तो २०१९ चा उन्हाळा. रॅम्सी आमच्याकडे अकरा वर्षं होता, मधे पाय मोडला, परत उभा राहिला, २०१४ आणि २०१७ असे दोन एफए कप फायनलचे विजयी गोल त्याचे. नव्या कॉन्ट्रॅक्टची बोलणी चालू होती, ती क्लबने थांबवली, तो गेला. चिडचिड झाली ती बरीचशी त्याच्या नावाने. त्याच जूनमध्ये डॅनी वेल्बेकचंही कॉन्ट्रॅक्ट संपलं. नोव्हेंबरमध्ये आर्सेनलसाठी खेळतानाच त्याचा घोटा मोडला होता. क्लबने त्याला नवीन कॉन्ट्रॅक्ट दिलं नाही. त्याबद्दल कोणी क्लबला बेइमान म्हटल्याचं मी ऐकलं नाही. 'बरोबर आहे, पगाराचा बोजा कमी झाला' असं म्हणाले सगळे. एकच तारीख, एकच कागद. माणसाने वापरला तर गद्दारी, क्लबने वापरला तर व्यवहार.

दोर अजूनही थोडा थोडा सुटतोच आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये लसाना डियारा प्रकरणात युरोपियन कोर्टाने पुन्हा फिफाच्या काही नियमांना युरोपियन कायद्याविरुद्ध ठरवलं. तिथे नवा क्लब बेल्जियमचा होता, शार्लरॉय, आणि तिथेही घोडं अडलं होतं परवानगीच्या कागदावर आणि पैशांच्या टांगत्या तलवारीवर.

असो. कोणी आवडता खेळाडू गेला की वाईट वाटणारच, मला आजही वाटतं, आणि त्यात काही गैर नाही. फक्त ते वाईट वाटणं 'फुकटात गेला' या शब्दांत सांगू नये असं मला वाटतं. ती क्लबच्या हिशेबनिसाची भाषा आहे, आपला त्या हिशेबात एक पैसाही नाही. पुढच्या जूनमध्ये यादी येईल तेव्हा आपल्या क्लबचा दुसरा भागही जरूर वाचा. त्यात बहुतेक नावं तुमच्या ओळखीची नसतील. अठरा-एकोणीस वर्षांची पोरं, दहा-दहा वर्षं अकादमीत घालवलेली, पहिल्या टीमकडून एकही मॅच न खेळलेली. त्यांना कोणी निष्ठेबद्दल विचारत नाही. ईस्टहॅम आणि बोसमन यांच्यामुळे एवढं मात्र झालं, की सोडल्यानंतर त्यांना दुसऱ्या दारावर टकटक करायला कोणाची परवानगी लागत नाही.