परस्परसंवादी चित्रप्रयोग

रंगमंचावर किंवा प्रदर्शनदालनात प्रयोगकर्त्याच्या अथवा प्रेक्षकाच्या हालचालीला, आवाजाला वा स्पर्शाला अनुसरून तत्क्षणी बदलणाऱ्या चित्रांचा प्रयोग. अशा प्रयोगात चित्रे पूर्वनिश्चित गतीने सरकत नाहीत. ती केव्हा यावीत, किती वेळ थांबावीत व कशी बदलावीत, हे प्रयोग चालू असतानाच ठरते. सांप्रत हे कार्य संगणकावरील विशेष आज्ञावलींच्या (सॉफ्टवेअरच्या) साहाय्याने केले जाते. तथापि चालू प्रयोगात चित्र हाताळण्याची कला संगणकाच्या पुष्कळ आधीची असून महाराष्ट्रात व त्याच्या सीमाभागात तिची दीर्घ परंपरा आढळते. चलच्चित्रपटाच्या प्रसाराने ही परंपरा मागे पडली; विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिच्यातील मूलतत्त्व वेगळ्या साधनांच्या द्वारे पुन्हा पुढे आले.

पूर्वपरंपरा : चित्रे दाखवून कथा सांगणाऱ्या कलावंतांचा उल्लेख कल्याणीच्या चालुक्य वंशातील तिसरा सोमेश्वर (कार. ११२६–३८) याच्या मानसोल्लास या संस्कृत ग्रंथात आला आहे. कल्याणी म्हणजे कर्नाटकातील बीदर जिल्ह्यातील आजचे बसवकल्याण. आजच्या सोलापूर जिल्ह्याचा प्रदेश या राज्यात मोडत असे. अक्कलकोट तालुक्यातील दुधनीसारख्या सरहद्दीवरील गावांत मराठी व कन्नड या दोन्ही भाषा आजही नांदतात. चित्रकथेची परंपराही अशीच भाषांच्या सीमा ओलांडून पसरली.

महाराष्ट्रातील चित्रकथी परंपरेचे मुख्य केंद्र सिंधुदुर्ग जिल्ह्यातील कुडाळजवळचे पिंगुळी हे होय. तेथील ठाकर समाजाच्या कलावंतांना सावंतवाडी संस्थानाचा आश्रय होता. रामायण-महाभारतातील एकेका आख्यानाची चित्रे कागदावर रंगवून त्यांचा संच केलेला असतो; त्यास ‘पोथी’ म्हणतात. मुख्य कथेकरी एकेक चित्र समोर धरून गातो व निरूपण करतो, तर साथीदार वाद्यांची साथ करतात. करुणप्रसंगी श्रोते द्रवले, तर चित्र अधिक वेळ थांबते. युद्धप्रसंगी ते झटकन पालटते. चित्र स्थिर असले, तरी त्याचा काळ कथेकऱ्याच्या हाती असतो.

छायाबाहुल्यांच्या खेळात चित्रालाच हालचाल प्राप्त होते. पिंगुळीच्या ठाकरांकडे चामड्याच्या बाहुल्यांचा हा खेळही आहे. कर्नाटकात त्याला ‘तोगलु गोंबेयाट’ म्हणतात. तो करणारे किळ्ळेक्यात लोक प्रयोग कन्नडमध्ये करीत असले, तरी घरी मराठीची एक बोली बोलतात. आंध्र प्रदेशातील ‘तोलु बोम्मलाट’ करणाऱ्या कुटुंबांविषयीही असेच आढळून येते. यावरून या कलावंतांचे पूर्वज मराठी मुलखातून दक्षिणेकडे गेले असावेत, असे अभ्यासक मानतात. जनावराचे कातडे खरवडून अर्धपारदर्शक करतात, त्यावर आकृती कोरून रंगवतात आणि ती पडदा व दिवा यांच्यामध्ये नाचवतात. बाहुली पडद्याला टेकलेली असता आकृती रेखीव दिसते. ती दिव्याकडे नेली की छाया मोठी व पुसट होते. खेळ करणारा स्वतःच बोलतो, गातो व बाहुल्या हलवतो. त्यामुळे शब्द आणि चित्र यांच्यात अंतर पडत नाही.

शांबरिक खरोलिका : प्रक्षेपणयंत्राचा वापर करून याच तऱ्हेचा प्रयोग महाराष्ट्रात प्रथम भरीव स्वरूपात उभा केला, तो ठाणे जिल्ह्यातील कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धन यांनी. डच शास्त्रज्ञ क्रिस्तीआन हायगेन्झ (१६२९–९५) यांनी १६५९ च्या सुमारास सिद्ध केलेला ‘मॅजिक लँटर्न’ हा प्रकाशदीप एकोणिसाव्या शतकात भारतात आला होता. काचेवर रंगवलेले चित्र दिवा व भिंग यांच्या साहाय्याने मोठे करून पडद्यावर पाडणे, हे त्याचे कार्य. त्याच्या इंग्रजी नावाचा संस्कृत पर्याय म्हणून पटवर्धनांनी ‘शांबरिक खरोलिका’ हे नाव योजले. शांबरी म्हणजे माया.

सु. १८९२ पासून पटवर्धन व त्यांचे पुत्र यांनी हे प्रयोग सुरू केले. एकाच पात्राच्या क्रमाक्रमाने बदलत जाणाऱ्या अवस्था वेगवेगळ्या काचांवर रंगवून त्या एकापाठोपाठ दाखवल्या जात. त्यामुळे पात्रे हलल्याचा भास होई. पौराणिक आख्यानांबरोबर सर्कशीसारखे लौकिक विषयही कार्यक्रमात असत. निवेदन, संवाद व गायन ही कुटुंबातील मंडळीच करीत. काच सरकवणारा हात आणि कथा सांगणारा आवाज यांचा मेळ हे या प्रयोगाचे मर्म होते; तो चुकला, तर भास मोडे. चित्रकथी व छायाबाहुल्यांचा खेळ यांच्याशी शांबरिक खरोलिकेचे नाते येथेच आहे.

चलच्चित्रपट आणि खंड : ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलमध्ये ल्यूम्येअर बंधूंच्या चित्रपटांचा भारतातील पहिला खेळ झाला. ३ मे १९१३ रोजी दादासाहेब फाळके यांचा राजा हरिश्चंद्र मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये प्रदर्शित झाला. चित्रांना गती देण्याचे काम आता यंत्राने घेतले आणि तिचा क्रम फितीवर कायमचा नोंदला गेला. तरीही मूकपटाच्या काळात चित्रपटगृहातील वादक पडद्याकडे पाहून साथ करीत. प्रयोगाचा काही अंश त्यांच्या हाती होता. आलम आरा (१९३१) हा पहिला भारतीय बोलपट आणि अयोध्येचा राजा (१९३२) हा ‘प्रभात’चा मराठी बोलपट आल्यानंतर तोही उरला नाही. चित्र आणि ध्वनी दोन्ही फितीवर बांधले गेले. या बदलाने कथाचित्रांना अफाट प्रेक्षकवर्ग मिळाला. परंतु प्रेक्षकांच्या प्रतिसादाप्रमाणे चित्र थांबवण्याची सोय नाहीशी झाली आणि ती ज्यांची विद्या होती, त्यांचा उदरनिर्वाहही संकटात आला. [→ चलच्चित्रपट].

पुनरुद्भव : यूरोपीय रंगभूमीवर चित्रपट व नट यांना एकत्र आणण्याचे प्रयत्न १९२० नंतर झाले. ब्रूसेल्सच्या १९५८ च्या जागतिक प्रदर्शनात चेक कलावंत आल्फ्रेड राडोक व योसेफ स्वोबोदा यांनी सादर केलेला ‘लातेर्ना मागिका’ हा प्रयोग त्यांतील विशेष गाजलेला. त्यातील नट पडद्यावरील पात्रांशी बोलत व नाचत. परंतु फीत नटासाठी थांबू शकत नसल्याने नटालाच तिच्या गतीशी जुळवून घ्यावे लागे. ही अडचण दूर होण्यासाठी प्रयोगकर्त्याकडे ‘पाहणारे’ व ‘ऐकणारे’ यंत्र हवे होते.

ते संगणकामुळे शक्य झाले. अमेरिकन कलावंत मायरन क्रूगर यांनी १९७० नंतरच्या दशकात ‘व्हिडिओप्लेस’ या रचनेत प्रेक्षकाची छायाकृती कॅमेऱ्याने टिपून तिच्या हालचालीनुसार पडद्यावरील चित्र बदलण्याची व्यवस्था केली. पॅरिसच्या ‘इर्काम’ या संगीत-संशोधनसंस्थेत मिलर पकेट यांनी १९८० नंतरच्या दशकात ‘मॅक्स’ ही आज्ञावली तयार केली. संगणक-संगीताचे एक प्रवर्तक मॅक्स मॅथ्यूज (१९२६–२०११) यांच्यावरून तिला हे नाव मिळाले. फिलिप मानुरी यांच्या प्लुतॉन (१९८८) या रचनेत पियानोवादकाच्या वादनाला संगणक तत्काळ प्रतिसाद देत असे. पकेट यांनी पुढे १९९६ मध्ये ‘प्युअर डेटा’ ही विनामूल्य आज्ञावली उपलब्ध करून दिली; तर मॅक्सला कालांतराने चित्रसंस्करणासाठी ‘जिटर’ या विभागाची जोड मिळाली. मार्क कोनिग्लिओ यांनी नर्तकाच्या सांध्यांवर संवेदक बसवून नृत्यातूनच ध्वनी व चित्र नियंत्रित केले आणि पुढे रंगभूमीसाठी ‘इझाडोरा’ ही आज्ञावली रचली. केसी रीस व बेन फ्राय यांची ‘प्रोसेसिंग’ (२००१) ही प्रणाली दृश्यकलावंतांना संगणकलेखन सुलभ व्हावे म्हणून तयार झाली.

कार्यपद्धती : या साधनांचे कार्य तीन टप्प्यांत चालते. कॅमेरा, ध्वनिग्राहक किंवा संवेदक प्रयोगातील घटना अंकांच्या रूपात संगणकाला पुरवतात; आज्ञावली त्या अंकांचे नियमांनुसार रूपांतर करते; प्रक्षेपक व ध्वनिक्षेपक त्याचा परिणाम प्रेक्षकांपुढे आणतात. मॅक्स किंवा प्युअर डेटामध्ये कलावंताला ओळीमागून ओळ लिहावी लागत नाही. पडद्यावरील प्रत्येक चौकट एकेक क्रिया दर्शविते व चौकटी रेषांनी जोडल्या की त्यांतून माहिती वाहू लागते. हाताच्या उंचीनुसार चित्राची तेजस्विता वाढावी की रंग पालटावा, हे ठरवणे हा कलावंताचा खरा निर्णय असतो. हालचाल व प्रतिसाद यांतील विलंब सेकंदाच्या काही शतांशांहून वाढल्यास परस्परसंबंधाची प्रतीती क्षीण होते. प्रतिसाद अगदीच ठरावीक असला, तर प्रयोग यांत्रिक वाटतो. तो फारच अनियमित असल्यास नियंत्रण कोणाचे, हे कळेनासे होते. मुरलेला तबलजी ज्याप्रमाणे गायकाच्या मागून जातो आणि प्रसंगी त्याला पुढेही नेतो, तशा साथीची येथे अपेक्षा असते.

महाराष्ट्रातील आधुनिक प्रयत्न : चित्रकार अकबर पदमसी (१९२८–२०२०) यांनी १९६९ मध्ये मुंबईत सुरू केलेल्या ‘व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉप’ने चित्रकारांना चित्रपटमाध्यम खुले केले. तेथे काम केलेल्या नलिनी मलानी (१९४६– ) यांनी पुढे ‘व्हिडिओ-छायानाट्य’ हा प्रकार विकसित केला. इन सर्च ऑफ व्हॅनिश्ड ब्लड (२०१२) या त्यांच्या मांडणीत आतून रंगवलेली पारदर्शक दंडगोले फिरत राहतात आणि त्यांच्या छाया चित्रफितींच्या प्रक्षेपणात मिसळतात. येथे छाया यंत्रगतीने फिरते. शिल्पा गुप्ता (१९७६– ) यांच्या शॅडो (२००६-०७) या मालिकेत मात्र संगणक व कॅमेरा यांच्या योगे प्रेक्षकाचीच छाया पडद्यावर उमटते. वरून घरंगळत येणाऱ्या वस्तू त्या छायेला चिकटतात आणि प्रेक्षक हलला, तरी सुटत नाहीत. जे कार्य पूर्वी चामड्याच्या बाहुलीकडे होते, ते येथे प्रेक्षकाच्या स्वतःच्या देहाकडे आले आहे.

जतनाचा प्रश्न : जुन्या व नव्या प्रयोगांपुढील अडचणी परस्परविरुद्ध स्वरूपाच्या आहेत. चित्रकथीच्या पोथ्या व कातडी बाहुल्या संग्रहालयांत टिकून आहेत. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातही चित्रकथी चित्रे आहेत. परंतु त्या जिवंत करणारे गायक-निरूपक विरळ झाले आहेत. उलट, संगणकीय प्रयोगाचे कर्ते हयात असतानाच यंत्रे व आज्ञावली कालबाह्य होतात आणि अल्पावधीतच कलाकृती चालवणे अशक्य होते. केवळ वस्तू किंवा केवळ ध्वनिचित्रमुद्रण जपल्याने यांपैकी कोणताच प्रयोग पूर्णतः जपला जात नाही. कारण क्षणोक्षणी घेतलेला निर्णय मुद्रणात उतरत नाही. म्हणून प्रयोगाची रीत शिकवणे, तिचे तपशील लिहून ठेवणे व आज्ञावलीतील नियमांची स्वतंत्र नोंद करणे यांवर भर दिला जातो. पिंगुळी येथे परशुराम गंगावणे यांनी ठाकर कलांचे संग्रहालय उभारून प्रयोग व प्रशिक्षण चालू ठेवले. या कार्यासाठी त्यांना २०२१ मध्ये पद्मश्री देण्यात आली. कर्नाटकातील छायाबाहुल्यांच्या ज्येष्ठ कलावंत भीमव्वा शिळ्ळेक्यातर यांना हाच सन्मान २०२५ मध्ये लाभला.