पितळेचे अनुशीतन

थंड स्थितीत ठोकून, लाटून किंवा साच्यातून ओढून कडक झालेले पितळ तापवून पुन्हा नरम करण्याची क्रिया. भांडी, नळ्या, काडतुसाची पुंगळी, बंदुकीच्या गोळीवरचे कवच अशा, पत्र्याच्या चकतीतून टप्प्याटप्प्याने खोल ओढलेल्या वस्तूंना ती लागतेच. किती नरमाई आली हे कठिनता मोजून ठरवतात.

पितळ कडक का होते, हे पुण्याच्या तांबट आळीत हाताला कळते. हंडा मठारला की त्याचा पत्रा ताठ होतो. प्रत्येक घावासरशी धातूतील स्फटिकांचे थर एकमेकांवरून सरकतात, आत दोष साठत जातात आणि पुढचे सरकणे अवघड होते. हंड्याला हा ताठपणा हवाच असतो. मात्र काम अर्धे असताना तो आला, तर पुढच्या घावाला पत्रा फाटतो. म्हणून वस्तू मधूनच भट्टीत घालतात. उष्णतेने जुन्या, दबलेल्या स्फटिकांच्या जागी नवे, निर्दोष स्फटिक वाढतात.

७० टक्के तांबे व ३० टक्के जस्त असलेल्या काडतुसी पितळेचे अनुशीतन साधारण ४२५ ते ७६० अंश सेल्सिअसच्या दरम्यान करतात. पोलाद तापवून पाण्यात बुडवले की कडक होते; पितळेचे तसे होत नाही. पाणी येथे फक्त वस्तू लवकर हाताळता यावी म्हणून. खरी चूक जास्त तापवण्यात आहे. स्फटिक फार मोठे झाले, की पुढे ओढताना पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत होतो. आणखी तापवल्यास जस्त उडू लागते (त्याचा उत्कलनबिंदू ९०७ अंश), आणि त्याचा धूर श्वासात गेल्यास ताप भरतो.

कठिनता मोजण्याची पहिली सर्वमान्य रीत स्वीडनच्या योहान ब्रिनेल यांनी १९०० मध्ये मांडली: कठीण गोळी ठराविक भाराने दाबायची व खळग्याचा व्यास मोजायचा. पातळ पत्र्याला मोठी गोळी चालत नाही. त्यासाठी १९२० च्या दशकात इंग्लंडमध्ये पुढे आलेली विकर्स चाचणी योग्य. तिच्यात १३६ अंशांच्या हिऱ्याच्या पिरॅमिडचा ठसा उमटवतात. पत्रा ठशाच्या कर्णाच्या किमान दीडपट जाड हवा, नाहीतर आकडा पत्र्याखालच्या आधाराचा येतो. पूर्ण नरम काडतुसी पितळ ६५ विकर्सच्या आसपास असते, खूप लाटलेले १५० च्या वर जाते.

गोळीला तांब्याचे कवच देण्याची कल्पना स्विस अधिकारी एडुआर्ड रुबिन यांनी १८८२ मध्ये प्रत्यक्षात आणली. कारखान्यांत कवचासाठी बहुधा ५ ते १० टक्केच जस्त असलेला, अधिक नरम मिश्रधातू वापरतात. अमेरिकेत मात्र दुसऱ्या महायुद्धाच्या काळात गोळ्यांचा तुटवडा पडल्याने नेमबाजांनी .२२ कॅलिबरच्या झाडलेल्या पुंगळ्यांपासून घरीच कवचे केली. कॅलिफोर्नियातील ओरोव्हिल येथे १९४३ मध्ये सुरू झालेली आरसीबीएस ही कंपनी याच कामाच्या साच्यांतून उभी राहिली. पुंगळीचे पितळ आधीच ताणलेले असल्याने अनुशीतनाशिवाय टोकाकडे वळताना त्याला चिरा किंवा चुण्या पडतात. भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार परवान्याशिवाय दारूगोळा बनवणे गुन्हा आहे. महाराष्ट्रात हे उत्पादन खडकी (स्थापना १८६९) व वरणगाव येथील कारखान्यांत होते.

कठिनतेचा आकडा सगळे सांगत नाही, हा धडा भारतातच मिळाला. ब्रिटिश सैन्याची काडतुसे पावसाळ्यात तबेल्यांत साठवली जात आणि काही दिवसांनी त्यांना आपोआप तडे जात. घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया (कल्हईवाल्याच्या नवसागरातून येणारा तोच झोंबरा वास), दमट हवा आणि पितळेत कोंडलेला ताण या तिन्हींच्या संगनमताने हे घडत होते. ऋतूशी जोडून या तडकण्याला ‘सीझन क्रॅकिंग’ नाव पडले. मूर, बेकिन्सेल व मॅलिन्सन यांनी १९२१ मध्ये त्याचे कारण उलगडले. असा ताण विकर्सच्या ठशात दिसत नाही. २५०-३०० अंशांवर थोडा वेळ ठेवलेल्या पितळेची कठिनता जवळजवळ तेवढीच राहते, पण ताण बराच ओसरतो. त्यामुळे नमुना मर्क्युरस नायट्रेटच्या द्रावणात बुडवून पाहतात: ताण उरला असेल तर तो थोड्याच वेळात तडकतो.

पुंगळीची मान आणि बूड यांना वेगवेगळी वागणूक लागते. स्फोटाचा दाब पेलणारे बूड कडकच ठेवायचे. गोळी धरणारी मान तेवढी ज्योतीवर नरम करायची. सैन्याच्या पुंगळ्यांच्या मानेवर दिसणारी निळसर-तपकिरी झाक ही त्याच ज्योतीची असते; नागरी विक्रीच्या मालावरची ती बहुधा घासून काढलेली असते.