खोदलेल्या पाण्यावरची सुट्टी

अ‍ॅमस्टरडॅमहून उत्रेख्तच्या दिशेने निघाले की लोसड्रेख्तची सरोवरे लागतात. नकाशात त्यांचे पाणी सलग दिसत नाही. जमिनीच्या लांबलचक, अरुंद पट्ट्या फणीच्या दात्यांसारख्या एकमेकींना समांतर पाण्यात शिरलेल्या असतात. उन्हाळ्यात या पट्ट्यांच्या कडेने शिडाच्या होड्या बांधून लोक निवांत पडलेले असतात. पण ही सरोवरे निसर्गाची नव्हेत. माणसांनी ती सरपणासाठी खोदली.

हॉलंडमध्ये जंगल तुटपुंजे, पण जमिनीखाली हजारो वर्षे दलदलीत दबत गेलेल्या वनस्पतींचा जाड काळा थर होता. हे पीट वाळवले की चांगले जळते. वरचा थर संपल्यावर सोळाव्या शतकात पाण्याखालचे पीट उपसायला सुरुवात झाली. होडीत उभा राहून मजूर लांब काठीला लावलेल्या कड्याच्या जाळीने तळाचा चिखल ओढून काढायचा. तो जमिनीच्या पट्टीवर पसरायचा, पायांना फळ्या बांधून तुडवायचा, पाणी निथळले की त्याच्या विटा कापायच्या, त्या रचून वाळवायच्या आणि होडीत भरून शहराकडे धाडायच्या. दारूभट्ट्या, वीटभट्ट्या, घरोघरच्या चुली यावरच चालत. चिखल उपसला तिथे पाणी साचले, विटा वाळवल्या तिथे पट्टी उरली. वादळी लाटांनी या पट्ट्याही कुरतडल्या आणि खड्ड्याला खड्डा मिळून सरोवर झाले.

त्याची किंमत मोठी होती. ओव्हरआयसल प्रांतात ब्यूलाके नावाचे गाव होते. भोवतालची जमीन उपसून पोखरलेली, त्यात 1776 चा पूर आला आणि गाव पाण्याखाली गेले. तिथे आज ब्यूलाकरवाइडे हे सरोवर आहे आणि त्यावर शिडे फिरतात. शेजारच्या खीटहोर्नमधले कालवेही पीट वाहून नेण्यासाठीच खणलेले. बर्ट हान्स्ट्राने 1958 साली ‘फॅनफेअर’ हा चित्रपट तिथे काढला आणि गाव देशभर प्रसिद्ध झाले. डच माणसाच्या नौकासुट्टीचे श्रेय त्याच्या पाण्याच्या ओढीला देण्याची पद्धत आहे. ती ओढ खरीच, पण या मजुरांचे नाव तिच्याआधी घ्यायला हवे.

कालव्यांची गोष्टही कामापासूनच सुरू होते. अ‍ॅमस्टरडॅम आणि हार्लेम यांच्यामध्ये 1630 च्या दशकाच्या आरंभी सरळ कालवा खणला गेला, तो प्रवासी नावांसाठी. काठावरच्या वाटेने घोडा चालायचा, त्याच्यामागे दोराने बांधलेली नाव. वेग तासाला जेमतेम सात किलोमीटर, पण नाव ठरल्या वेळेला सुटायची, वारा असो वा नसो. त्या काळच्या युरोपात असा भरवशाचा प्रवास दुर्मीळ होता. वाटेत हाफवेख येथे बांध आडवा यायचा. तिथे उतरून, चालत पलीकडे जाऊन दुसऱ्या नावेत बसावे लागे. पुढच्या तीसेक वर्षांत हॉलंड, उत्रेख्त, फ्रीसलंडमधली गावे अशा कालव्यांनी जोडली गेली. 1839 मध्ये अ‍ॅमस्टरडॅम आणि हार्लेम यांच्याच दरम्यान देशातली पहिली रेल्वे धावली आणि घोड्याच्या नावेचे दिवस भरले. कालवे मात्र राहिले.

मौजेखातर फिरणारे श्रीमंत तेव्हाही होते. अ‍ॅमस्टरडॅमच्या व्यापाऱ्यांनी फेख्त नदीकाठी उन्हाळी वाडे बांधले. चहा घेता घेता जाणाऱ्या-येणाऱ्या नावा पाहता याव्यात म्हणून पाण्यालगत छोटे मंडपही उभारले. त्यांतले काही अजून उभे आहेत. होडीतून देश पाहण्याची हौस मात्र पुढे परदेशी प्रवाशांनीही वाढवली. फ्रेंच लेखक हेन्री हाव्हारने 1873 साली मालवाहू शिडाची नाव भाड्याने घेतली आणि झाउडरझे या उथळ समुद्रकाठची, व्यापार गेल्याने ओस पडलेली बंदरे पालथी घातली. पुढल्या वर्षी त्याचे पुस्तक आले आणि त्या ‘मृत शहरांकडे’ प्रवाशांची पावले वळू लागली.

तो समुद्रच पुढे संपला. 28 मे 1932 रोजी बत्तीस किलोमीटरचा आफ्स्लाउटडाइक बांध पुरा झाला आणि खारे पाणी हळूहळू गोडे झाले. हेरिंग गेले, अँकोव्ही गेले, त्यांच्यावर जगणारी कुटुंबे उघड्यावर पडली. त्यांच्या मासेमारी नावांपैकी काही हौशी लोकांनी घेऊन जपल्या. आणखी काही पाणी चुकीतून शिकल्याने मिळाले. 1942 मध्ये याच पाण्यातून कोरडी केलेली नोर्डोस्टपोल्डरची जमीन जुन्या काठाला थेट चिकटली होती, त्यामुळे शेजारच्या जुन्या शेतांतला भूजलसाठा खाली गेला. म्हणून फ्लेव्होलंड काढताना नवी जमीन आणि जुना काठ यांच्यामध्ये पाण्याचा पट्टा राखला. भूजल सांभाळण्यासाठी ठेवलेल्या या सरोवरांवर आज शिकाऊ नावाडी शीड उभारायला शिकतात.

फ्रीसलंडमध्ये मात्र जुने काम आणि नवी मौज यांची ताटातूट झाली नाही. तिथली सपाट बुडाची मालनाव म्हणजे स्कूत्शे. तिच्यातून पीट, खत, बटाटे जात. मागच्या बाजूच्या इवल्याशा खोलीत नावाड्याचे अख्खे कुटुंब राहायचे. वारा पडला की बायको-मुले खांद्याला पट्टा अडकवून काठावरून नाव ओढत. ट्रक आणि इंजिने आली तसा हा धंदा बसला. 1945 मध्ये मात्र या नावांच्या शर्यतींसाठी संघटना उभी राहिली. आता दर उन्हाळ्यात चौदा स्कूत्शे आपापल्या गावाच्या नावाने सरोवरांत उतरतात. काठावर सुट्टीला आलेले लोक गर्दी करतात. त्यांच्या होड्यांसाठी ‘मारेक्रिते’ या 1957 पासूनच्या संस्थेने बेटांवर आणि काठांवर नाव बांधायच्या फुकट जागा केल्या आहेत. एका जागी सलग तीन दिवसच थांबायचे. शर्यतीतल्या स्कूत्शेचे सुकाणू मात्र परंपरेने नावाडी घराण्यांच्याच हाती राहिले.