महिन्याभरात उगवणारे केस

गेल्या वर्षी बाबा गेले. दहाव्या दिवशी कर्जतला उल्हास नदीच्या काठी मी मुकाट्याने डोकं भादरून घेतलं, पिंड मांडले आणि कावळ्याची वाट बघत बसलो. खरं सांगायचं तर यातल्या कशावरही माझा विश्वास नाही. पण कर्जत-खालापूरकडची सगळी भावकी जमलेली, बाजूला महाराजांचं प्रवचन चाललेलं. अशा वेळी वाद कोण घालणार? ऑफिसात जुन्या कोडबद्दल म्हणतो तेच इथेही म्हटलं: चालतंय ना, मग हात लावू नकोस.

महिन्याभरात केस उगवले. विषय संपला.

मनाच्या समजुतीला न्यायमूर्ती रानडे होतेच. घाटापलीकडे पुण्यात १८९० साली पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्यावरून गदारोळ झाला, आणि १८९२ मध्ये रानड्यांनी प्रायश्चित्त घेऊन टाकलं. एवढा मोठा माणूस नमतं घेतो, तिथे माझी काय कथा!

पण रानड्यांनी त्याआधीही एकदा नमतं घेतलं होतं. १८७३ मध्ये त्यांची पहिली पत्नी वारली. विधवाविवाहाचा कायदा १८५६ सालीच झालेला, आणि रानडे तर त्या चळवळीतले पुढारी. तरी वडिलांच्या शब्दाखातर त्यांनी त्याच वर्षी अकरा वर्षांच्या रमाबाईंशी लग्न केलं. पुढे रमाबाईंना शिकवलं, त्या स्वतः मोठ्या झाल्या, हे खरंच. पण जी कुणी विधवा या लग्नाने उजळ माथ्याने जगली असती, तिचं काय? पाळणारा एक आणि किंमत मोजणारं भलतंच कुणी, असा हा हिशोब आहे.

केसांचंच बघा ना. बाप गेला की मुलगा एकदा डोकं करतो. त्या काळी ब्राह्मण आणि त्यांच्यासारखं वागणाऱ्या काही जातींत नवरा गेला की बाईचं केशवपन व्हायचं, आणि केस वाढले की पुन्हा वस्तरा... जन्मभर. १८९० मध्ये मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हावी एकत्र आले आणि विधवांच्या डोक्याला वस्तरा लावायचा नाही असं त्यांनी ठरवलं. पोट त्या वस्तऱ्यावर, तरी नाही म्हणाले! लोखंडे सत्यशोधक, म्हणजे जोतीराव फुल्यांच्या तालमीतले.

त्याच वर्षी २८ नोव्हेंबरला जोतीराव गेले. अंत्ययात्रेत टिटवं कुणी धरायचं यावरून नातलगांनी दत्तक मुलाला, यशवंताला, हरकत घेतली. तेव्हा सावित्रीबाईंनी स्वतः टिटवं हातात घेतलं आणि त्या पुढे चालू लागल्या. भावकी तिथेही होतीच की! प्रसंग तोच, दुःख तर कितीतरी जवळचं. म्हणजे 'अशा वेळी वाद कोण घालणार' याला उत्तर होतं, आणि ते एकशे तीसहून अधिक वर्षांपूर्वीच देऊन झालं होतं.

आमच्याकडे केशवपन नव्हतं. बांगड्या फोडणं मात्र होतं. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद करायचा ठराव केला. त्याच महिन्यात सरकारने बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तसं करायचं आवाहन केलं. ती बातमी मी चार ग्रुपवर पाठवली होती, हे आज आठवलं की लाज वाटते.

कारण मी घाटावर बसलो होतो तेव्हा घरी बायकांनी आईच्या बांगड्या काढल्या. मला माहीत होतं ते होणार म्हणून. मी विचारलं नाही. परवा शेवटी विषय काढला, तर म्हणाली, "तू तिकडे सगळं गपगुमान करत होतास. मी इथे एकटी काय बोलणार?"

पुढच्या महिन्यात वर्षश्राद्ध आहे. मी बसेन, काकांना तेवढाच आधार. पण पाटावर बसण्याआधी, सगळ्या भावकीसमोर, आईला विचारणार आहे: बांगड्या घालायच्यात का? हो म्हणाली तर घरात आणून ठेवल्या आहेत. नाही म्हणाली तर तेही तिचंच.